न कळण्याची नोकरी

तुम्हाला काही कळत नाही, एवढ्या एकाच गुणावर तुम्हाला कधी कुणी मानाच्या खुर्चीत बसवलं आहे का? नाही ना. मलाही नाही. "तुला काही कळत नाही" असं तोंडावर सांगणारे मला ढिगानं भेटले, पण त्यासाठी खुर्ची कुणी पुढे केली नाही. आमच्या गल्लीतल्या टॉर्चकाकांना मात्र मिळाली. शाळेत, आठवीच्या वर्गात, फळ्याच्या बरोबर समोर, गादी घातलेली खुर्ची. वर सकाळचा चहा. काम एकच: गणित न कळणं.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे मला मध्ये थांबवू नका.

टॉर्चकाका म्हणजे थिएटरचे दारवान. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, अंधारात टॉर्च मारून खुर्ची दाखवायची. उभं आयुष्य त्यात गेलं. मग थिएटर बंद पडलं, तिथे फरश्यांचं दुकान झालं, आणि काका टॉर्च घेऊन घरी आले. आता या नोकरीची एक गंमत ऐका. त्यांनी शेकडो सिनेमांची सुरुवात पाहिली आणि शेकडो सिनेमांचा शेवट पाहिला, पण मधलं एकाही सिनेमाचं पाहिलं नाही. मधल्या वेळात ते सायकली बघायचे, खारे दाणे विकणाऱ्याशी भांडायचे, मागच्या दारानं घुसणाऱ्यांना मानेला धरून बाहेर काढायचे. नायक आत गेला तेव्हा गरीब होता आणि बाहेर पडताना मोटारीत होता. कसा? काकांना ठाऊक नाही.

त्यातून त्यांना एक व्यसन जडलं. कुणी काहीही सांगितलं की ते म्हणायचे, "मधलं सांगा." डॉक्टर म्हणाले, गोळी घ्या, ताप उतरेल. काका म्हणाले, "मधलं सांगा." शेजारची मुलगी सासरी गेली आणि महिन्यात परत आली, तर अख्खी गल्ली मूग गिळून बसली होती. काका गॅलरीतून, सगळ्यांदेखत, "अगं, मधलं सांग ना." सूनबाईंचं त्यांच्याबद्दल एकच म्हणणं होतं, "साखर संपली म्हटलं तरी यांना मधलं लागतं."

तर त्या वर्षी शिक्षण मंडळाच्या लक्षात आलं, की मुलांना गणिताची उत्तरं येतात, पण ती कशी आली हे विचारलं की मुलं बुटाकडे बघतात. "कसं आलं?" "आलं." एवढाच संवाद. मग मंडळानं फर्मान काढलं. आठवीतल्या प्रत्येकानं एक उदाहरण सोडवायचं आणि ते बाहेरच्या एका माणसाला तोंडी समजावून सांगायचं. त्या माणसाला गणित येता कामा नये. त्याला म्हणायचं श्रोता. श्रोत्यानं मुलाच्या कागदावर "कळलं" असं लिहून सही केली की मूल पास. तीन संधी. तिन्ही वेळा "कळलं नाही" आलं, तर नववीपासून त्या मुलाचं गणित बंद, आणि रवानगी "सोपा हिशोब" नावाच्या तुकडीत. तिथे काय शिकवतात ते विचारू नका. तिथून बाहेर पडलेल्यांनाही ते सांगता येत नाही.

बाकीच्या शाळा हुशार. एका शाळेनं एक झोपाळू आजोबा आणून बसवले. डुलकी लागून मान खाली पडली की ती "हो" धरायची. सगळी शाळा पास झाली, आजोबांची झोपही झाली.

आमच्या हेडसरांनी टॉर्चकाकांना बोलावलं. त्यांचा हिशोब असा, की हा माणूस आयुष्यभर लोकांना आत सोडत आला, मुलांनाही सोडेल. हेडसर चुकले. ज्यानं आयुष्यात एकही बिनतिकिटाचा माणूस आत सोडला नाही, त्याला त्यांनी दारावर उभं केलं होतं.

पहिल्या दिवशी वर्गातला पहिला नंबर आला. केस चापून बसवलेले, आवाज खणखणीत.

"एका खोलीत दहा माणसं आहेत. प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला. तर एकूण किती वेळा हात मिळवले गेले? उत्तर, पंचेचाळीस."

काका म्हणाले, "कोण माणसं?"

"कुणीही, काका."

"एकमेकांना ओळखतात?"

"ते दिलेलं नाही."

"मग हात कशाला मिळवतात?"

मुलानं बाईंकडे बघितलं. बाईंनी खिडकीकडे बघितलं. गणिताच्या बाई शांत बाई होत्या. फळ्यावर भराभर लिहायच्या आणि तोंडानं कमी बोलायच्या, म्हणून मुलांनाही बोलायची सवय नव्हती. हे त्या स्वतःच मला म्हणाल्या होत्या.

मुलगा फळ्यावर लिहीत म्हणाला, "दहा गुणिले नऊ, नव्वद. भागिले दोन, पंचेचाळीस."

काकांनी खिशातून टॉर्च काढला आणि भर दिवसा फळ्यावरच्या दोनावर प्रकाश टाकला. "हा कुठून आला? खोलीत तर दहा होते."

"सूत्रात आहे, काका."

"सूत्राला राहू दे बाहेर. तू एकटा आत ये आणि सांग."

पहिल्या नंबराला ते सांगता येईना. काकांनी चष्मा लावला, कागदावर "कळलं नाही" असं लिहिलं, खाली सही केली. त्या आठवड्यात त्यांनी अख्ख्या वर्गाला दारातून परत पाठवलं.

मग जे सुरू झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. मुलं सराव करायला गावभर सुटली. बसथांब्यावर, दवाखान्यात, इस्त्रीवाल्याकडे, जिथे मोठं माणूस अडकून पडलेलं दिसेल तिथे त्याला गाठायचं आणि समजावायला लागायचं. न्हाव्याकडे अर्धी दाढी झालेला माणूस अपूर्णांक ऐकत बसला होता, कारण न्हाव्यालाही ऐकायचं होतं आणि वस्तरा हवेत थांबला होता. दोन बसगाड्या नफातोट्यापायी चुकल्या. माझ्या दारात एक मुलगी सकाळी सकाळी शंकू घेऊन आली. मी म्हटलं, "दूध तापतंय." ती म्हणाली, "भांडं गोल आहे ना? मग चालेल."

पहिला नंबर पुन्हा आला तेव्हा नऊ मुलं घेऊन आला, दहावा तो स्वतः. सगळ्यांना खरंच हात मिळवायला लावले. त्यातल्या दोघांचं पेन्सिलीवरून बोलणं बंद होतं, तर आधी त्यांचा समेट करावा लागला. मग तो म्हणाला, "काका, मी याचा हात धरला तो मी मोजला. यानं माझा धरला तो यानं मोजला. पण हात एकदाच मिळाला. प्रत्येक भेट दोनदा मोजली गेली, म्हणून निम्मी करायची."

काकांनी त्याचा आणि शेजारच्या पोराचा मिळालेला हात वाकून बघितला. म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"आधी मलाच माहीत नव्हतं."

"कळलं," काकांनी लिहिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. बाईंनी रुमाल काढला आणि उगाचच फळा पुसला.

एकेक करून बरीच मुलं पास होऊन निघाली. अडकली ती टॉर्चकाकांचीच नात.

नातीला घरी, दारी, शाळेत सगळीकडे पुटपुटी म्हणतात. तिचा प्रश्न असा, की तिला उत्तर उदाहरण वाचून व्हायच्या आधीच येतं. ते ती स्वतःच्या कॉलरला सांगते. कसं आलं विचारलं तर म्हणते, "दिसतं."

"मला दिसत नाही," आजोबा म्हणाले, आणि दोन्ही वेळा "कळलं नाही" असं लिहून दिलं. सख्ख्या नातीला. आता एकच संधी राहिली होती. ज्या पोरीला गणिताशिवाय दुसरं काही म्हणजे काहीही येत नाही, तिचं गणित बंद व्हायची वेळ आली.

सूनबाईंनी घर डोक्यावर घेतलं. त्यांच्या आणि माझ्या घरातली मधली भिंत पातळ आहे, मला कान लावावा लागला नाही.

"एक शब्द लिहायला काय जातं तुमचं? घरचीच पोर आहे."

"सूनबाई, एकदा माझा सख्खा भाऊ बिनतिकिटाचा आला होता. त्यालाही परत पाठवला."

"आणि तो अजून परत आलेला नाही, आठवतंय ना?"

पुटपुटीनं आजोबांशी बोलणं टाकलं. मुळात ती बोलतच कमी, त्यामुळे आजोबांना हे कळायला चार दिवस लागले.

इकडे मंडळाच्या यादीत आमची शाळा तळाला गेली आणि हेडसरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी नियमावली उघडून एक कलम शोधलं. श्रोत्याला गणित येता कामा नये. आणि टॉर्चकाका तर एव्हाना तीच तीच उदाहरणं ऐकून शहाणे झालेत, म्हणून ते अपात्र, असा अर्ज हेडसरांनी मंडळाकडे पाठवला. त्यांच्या जागी कोण? हेडसरांचे मेहुणे. पडद्यांचं दुकान आहे त्यांचं. दुकानदार माणूस, कुणालाही नाही म्हणत नाही.

म्हणजे बघा, काका गेले की मेहुणे आले, आणि मेहुणे आले की पुटपुटी आपोआप पास. सूनबाई हेडसरांच्या बाजूनं साक्षीला तयार झाल्या. सासऱ्याला गणित येतं असं सिद्ध करायला सून निघाली, असा खटला मी तरी दुसरा पाहिला नाही.

काकांच्या बाजूनं कुणी नव्हतं, म्हणून मी गेले. जाताना त्यांना बजावलं, "काका, निरीक्षक एक उदाहरण घालतील. बरोबर आलं की तुम्ही गेलात. चुकलात की खुर्ची तुमची. तेव्हा चुका."

काका म्हणाले, "मुद्दाम चुकायचं तर आधी बरोबर यावं लागतं. तेवढं मला येत नाही. जे येईल ते सांगेन."

अशा माणसाची वकिली करायची म्हणजे डोकं फिरतं.

सुनावणी आठवीच्याच वर्गात झाली. टेबलामागे मंडळाचे निरीक्षक, समोर चहा आणि बशीत बिस्किटं. शेजारी हेडसर. एका बाकावर सूनबाई, दुसऱ्यावर, काकांच्या खुर्चीला लागून, मी. बाई भिंतीशी. दारात पुटपुटी, दप्तर पोटाशी धरून.

निरीक्षकांच्या सांगण्यावरून बाईंनी उदाहरणाची एक चिठ्ठी काढली. हेडसरांनी ती मोठ्यानं वाचली. "एक गाडी एका गावाहून दुसऱ्या गावाला ताशी साठ किलोमीटर वेगानं गेली. त्याच रस्त्यानं ताशी चाळीस किलोमीटर वेगानं परत आली. तर पूर्ण प्रवासातला सरासरी वेग किती?"

काका म्हणाले, "येताना हळू का आली?"

"आली. उत्तर सांगा."

"टायर गेला होता का?"

"काका, उत्तर."

काकांनी बोटांवर काहीतरी केलं. "साठ आणि चाळीस, शंभर. दोन फेऱ्या. निम्मे पन्नास."

हेडसरांनी टेबलावर थाप मारली. "पन्नास. बरोबर. ऐकलंत साहेब? या माणसाला गणित येतं. श्रोता म्हणून हे अपात्र."

साहेबांनी बिस्कीट चावत मान हलवली. माझा चेहरा पडला. मनात मीही पन्नासच केलं होतं, ते जाऊ द्या. बाई भिंतीशी ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या दाराकडे बघत होत्या.

दारातून आवाज आला, "चूक."

तो आवाज कुणाचा ते आधी कुणाला ओळखू येईना, कारण कुणी तो ऐकलेलाच नव्हता.

हेडसर म्हणाले, "काय चूक?"

"पन्नास चूक." आणि मग कॉलरमध्ये, "अठ्ठेचाळीस."

"कसं काय?"

"दिसतं."

"दिसतं म्हणे. जा वर्गात."

सूनबाई डोळ्यांनी, हातानं पोरीला खुणावत होत्या, गप्प बस, घरी चल. अहो, पोर गप्प राहिली असती तर आजोबा बाहेर, मेहुणे आत आणि ही पास. तिला ते माहीत होतं. इतकं साधं गणित तिला नाही येणार तर कुणाला? टॉर्चकाकांनी आपली खुर्ची दाराकडे वळवली.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "मधलं सांग."

पुटपुटीनं एकदा आईकडे बघितलं. मग आत आली आणि दप्तर खाली ठेवलं.

"तुम्ही दोन वेग घेतले आणि मधोमध कापले. पण गाडी दोन्ही वेगांनी सारखा वेळ चाललीच नाही."

"रस्ता तर तोच होता."

"रस्ता तोच. वेळ तोच नाही. हळू आली तर जास्त वेळ लागला का नाही?"

"लागला."

"मग चाळीसनं ती जास्त वेळ चालली, साठनं कमी वेळ. तुम्ही दोघांना सारखंच वाढलंत."

"जास्त म्हणजे किती? गाव किती लांब आहे?"

"दिलेलं नाही."

हेडसर मध्ये पडले, "बघा. प्रश्नच अपुरा आहे. मी म्हणतच होतो."

"कितीही लांब घ्या," पोर म्हणाली. हेडसरांकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

"कितीही कसं?" काका म्हणाले. "अंतर माहीत नसताना कंडक्टर तिकीट फाडेल का?"

"बरं, एकशेवीस घ्या."

"एकशेवीसच का?"

"साठनंही पुरता भाग जातो, चाळीसनंही जातो. नाहीतर तासांचे तुकडे होतील आणि तुम्ही तुकड्यांवरून भांडाल."

"भांडेन. बरं, एकशेवीस."

"जाताना दोन तास. येताना तीन. एकूण पाच तास. गेली एकशेवीस, आली एकशेवीस, दोनशेचाळीस झाले. पाच तासांत दोनशेचाळीस, म्हणजे तासाला?"

काकांनी बोटांवर मोजलं. "अठ्ठेचाळीस. पण हे तुझ्या गावाचं झालं. माझं गाव दुप्पट लांब आहे."

"घ्या दुप्पट. जायला चार, यायला सहा. दहा तासांत चारशेऐंशी. तुमचंही अठ्ठेचाळीसच."

"तिप्पट?"

"आजोबा." पोरीचा आवाज चढला. "एका दिवशी दोन सिनेमे होते. एक चांगला, दोन तासांचा. एक रटाळ, तीन तासांचा. दाराशी उभं राहून त्या दिवशी तुम्ही जास्त काय सोसलंत?"

"रटाळ."

"मग दिवस चांगला आणि रटाळ याच्या अगदी मधोमध गेला म्हणाल का?"

"नाही. रटाळाकडे झुकला."

"ही गाडीही झुकली. पन्नासच्या खाली. किती खाली ते गावानं ठरत नाही. कुठलंही गाव घेतलं तरी झुकतं तेवढंच."

निरीक्षकांचं बिस्कीट चहात पडलं आणि त्यांनी ते काढलं नाही. सूनबाईंचा हात पोरीला खुणावता खुणावता तसाच हवेत राहिला होता. काकांनी मुठीवर हनुवटी टेकवली आणि फळ्याकडे बघत बसले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी नातीचा कागद मागून घेतला, चष्मा लावला.

"कळलं," ते म्हणाले, आणि तेच लिहिलं.

आता पेच बघा. पन्नास चूक ठरलं, म्हणजे काकांना गणित येत नाही, म्हणजे ते पात्र. मी उभी राहून हे ठणकावून सांगितलं. हेडसर म्हणाले, पण आता त्यांना कळलं. मी म्हटलं, विचारलं तेव्हा कळत नव्हतं. हेडसर म्हणाले, आत्ता कळतंय ना. साहेबांनी काकांनाच विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

मी काकांच्या पायावर पाय दिला. त्यांनी आपला पाय काढून घेतला.

"साहेब, कळतं," ते म्हणाले. "हात मिळवणं कळतं, शंकू कळतो, आता गाडी कळली. नाही कसं म्हणू? बिनतिकिटाचं बसायची मला सवय नाही." ते उठले, खुर्चीवरची गादी सारखी केली, आणि टॉर्च खिशात घातला.

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, "साहेब, नियमानं बघा. या खोलीत पन्नास बरोबर असं छातीठोक सांगणारे हेडसर आहेत. गणित येत नाही हे सगळ्यांसमोर सिद्ध झालेले तेच एक. त्यांनाच श्रोता करा."

बाईंना त्याच क्षणी ठसका लागला. हेडसर म्हणाले, "मला उत्तर माहीत होतं. मी पारख करत होतो."

म्हणजे तेही अपात्र. साहेबांनी तसं लिहून घेतलं.

पुटपुटी पास झाली. आता घरी ती डाळीत पाणी किती ते समजावून सांगते आणि सूनबाई म्हणतात, "पुटपुटत होती तेच बरं होतं." आजोबांशी तिचं बोलणं सुरू झालं आहे, बोलणं म्हणजे भांडण, तिप्पट लांबच्या गावावरून.

पण खुर्चीवर मेहुणे आहेत. परवा एक मुलगा उभा राहिला, म्हणाला, "एका त्रिकोणाचा..." मेहुणे म्हणाले, "कळलं." सही. दुसरी मुलगी नुसती उठली, तोवर तिचा कागद तयार होता. मुलं निम्मं वाक्य तोंडात घेऊन वर्गाबाहेर येतात आणि पायरीवर बसतात. पास झालेली पोरं इतकी पडलेल्या चेहऱ्याची मी कधी बघितली नव्हती. पंधरा दिवस गावभर लोकांना अडवून जे जुळवलं, ते ऐकायलाच कुणी नाही.

मी साहेबांकडे तीनदा जाऊन बसले. ते म्हणतात, पात्र माणूस आणा, मेहुण्यांना उठवतो. मी गल्ली पालथी घातली. ज्याला विचारावं तो म्हणतो, "तसं माझं गणित चांगलं होतं हो." इस्त्रीवाला म्हणतो चांगलं होतं, डॉक्टर म्हणतात चांगलं होतं, ज्याच्या दुकानात रोज बेरीज चुकते तोही म्हणतो चांगलं होतं. मी स्वतः बसले असते, पण मला गाडी कळली आहे, शंकूही बराचसा कळला आहे.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही पन्नास म्हणाला असाल, आणि अठ्ठेचाळीस का ते अजूनही नीट पटलं नसेल, तर लाजू नका. बुधवारी सकाळी अकराला शाळेत या, आठवीचा वर्ग, जिन्यावरून डावीकडे. कागद कुठलाच लागत नाही, शिक्षणाचा तर मुळीच नाही. समोर पोर उभं राहील आणि बोलायला लागेल. ते अडखळेल, छताकडे बघेल, तुमच्यावर चिडेलसुद्धा. त्याचं पूर्ण होईपर्यंत बसा. आणि जिथे कळलं नाही तिथे त्याला तोंडावर सांगा.